खेड्यांतील आजार आणि दवाखान्याची वाट

शहरांतील सुशिक्षित घरांत खेडेगांवच्या आजाऱ्याविषयीं एक वाक्य नेहमीं ऐकूं येतें. ‘हे लोक दुखणें विकोपास जाईपर्यंत घरीं बसतात आणि मग डॉक्टरांकडे धांवत सुटतात.’ मोठ्या रुग्णालयांतील तरुण डॉक्टरहि असेंच म्हणतात. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रोज जें येतें त्यावरून पाहतां तें खोटेंहि नाहीं. खेड्यांतून येणारा रोगी पुष्कळदां उशिरा येतो, ही गोष्ट खरी आहे. परंतु तो उशिरा कां येतो, या प्रश्नाचें उत्तर ‘अडाणीपणा’ या एका शब्दांत देऊन मोकळें होण्याची जी संवय जडली आहे, ती मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. रोगाचें निदान चुकलें म्हणजे औषधहि चुकतें. समाजाच्या दुखण्यालाहि हाच नियम लागू आहे.

एखादें भूमिहीन मजुराचें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. आषाढाचे दिवस आहेत, भातलावणी चालू आहे, आणि वर्षांतील मजुरीचे जे थोडे हमखास दिवस त्यांतीलच हे दिवस आहेत. घरधन्याला ताप येऊन तीन दिवस झाले. सरकारी दवाखाना पंधरा किलोमीटरांवर. फांट्यापर्यंत चालत जावयाचें, तेथें एस्टीची वाट पाहावयाची, आणि परततांना शेवटची गाडी चुकणार नाहीं याची काळजी वाहावयाची. आजाऱ्याची मजुरी तर बुडालीच. त्याच्या सोबतीला बायको निघाली कीं तिचीहि बुडाली. भाडें दोघांचें. दवाखान्यांत औषध मोफत खरें. पण तें त्या दिवशीं शिल्लक नसलें तर चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानांत जाणें आलें. आणि डॉक्टर त्या दिवशीं जिल्ह्याच्या बैठकीस गेलेले असले, तर हा सर्व खर्च पाण्यांत.

आतां या घरच्या माणसांनीं काय करावें? ताप बहुतेक वेळां आपोआप उतरतो, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणून तीं आणखी दोन दिवस थांबतात. हा हिशेब आहे. आणि हातांतील साधनांच्या मानानें तो बिनचूक हिशेब आहे. दहांतून नऊदां तो बरोबर ठरतो, दहाव्या वेळीं मात्र माणूस जातो. तोच ताप शहरांतील नोकरदाराला आला म्हणजे त्याला पगारी रजा असते, डॉक्टर गल्लीच्या तोंडाशीं असतो, आणि संशय वाटला तर संध्याकाळच्या आंत रक्ताची तपासणी होऊन जाते. ताप एकच, पण त्याची किंमत दोन घरांत दोन. ज्याला किंमत परवडते तो शहाणा ठरतो आणि ज्याला परवडत नाहीं तो अडाणी ठरतो, एवढाच त्यांतील भेद.

या विलंबाचा शास्त्रीय विचारहि झालेला आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनीं १९९४ सालीं बाळंतपणांतील मृत्यूंसंबंधीं एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांत त्यांनीं विलंबाचे तीन टप्पे दाखविले. पहिला विलंब, मदत घ्यावी असें घरांत ठरण्यास लागणारा. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोंचण्यास लागणारा. आणि तिसरा, दवाखान्यांत पोंचल्यावर प्रत्यक्ष योग्य उपचार मिळण्यास लागणारा. यांतील मर्म असें कीं, हे तीनहि विलंब एकमेकांत गुंतलेले आहेत. रस्ता वाईट आहे आणि पोंचल्यावर रक्त किंवा डॉक्टर मिळेलच असा भरंवसा नाहीं, हें ज्या घराला ठाऊक असतें, त्या घराचा निर्णयच मुळांत लांबतो. बाहेरून पाहणाराला फक्त पहिला विलंब दिसतो, आणि त्याचा दोष तो आजाऱ्याच्या माथीं मारतो.

खर्चाची बाजू थोडी आंकड्यांनीं पाहावी. २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणें, बाळंतपणें वगळून, खेड्यांतील माणसाला एकदां रुग्णालयांत राहावें लागलें तर सरकारी रुग्णालयांत सरासरी ४,२९० रुपये आणि खाजगी रुग्णालयांत २७,३४७ रुपये खर्च येत असे. सरकारी रुग्णालय म्हणजे फुकट, ही समजूत या पहिल्या आंकड्यापुढें टिकत नाहीं. आणि दुसरा आंकडा रोजंदारीवर जगणाऱ्या घराला कित्येक महिन्यांच्या कमाईएवढा आहे. मग आधीं शेळ्या विकल्या जातात, नंतर बायकोच्या अंगावरचा दागिना गहाण पडतो, आणि शेवटीं सावकार. आजारी माणूस बरा झाला तरी घर आजारी पडतें. अन्न कमी पडतें, मुलांची शाळा सुटते, आणि अशक्त शरीरांत पुढचा रोग सहज शिरतो. दारिद्र्यानें रोग येतो आणि रोगानें दारिद्र्य येतें. या चक्राचा आरंभ कोठें हें शोधीत बसण्यापेक्षां तें कोठें तोडतां येईल हें पाहणें अधिक उपयोगाचें.

येथें श्रोत्यांच्या मनांत असा प्रश्न येईल कीं, जेथें रोग अधिक तेथें डॉक्टरहि अधिक, असें कां होत नाहीं? याचें उत्तर वेल्समधील ज्यूलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरानें १९७१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत दिलें. कोळशाच्या खाणींतील मजुरांच्या ग्लिनकोरुग या खेड्यांत तो काम करीत असे. त्यानें मांडलेला नियम असा कीं, चांगली वैद्यकीय मदत ही गरजेच्या व्यस्त प्रमाणांत मिळते. ज्यांना ती सर्वांत अधिक हवी त्यांच्या वांट्याला ती सर्वांत कमी येते, आणि वैद्यक जितकें बाजारावर सोंपवावें तितका हा नियम अधिक कडक होतो. इंग्लंड-वेल्ससारख्या देशांत, जेथें सरकारी आरोग्यसेवा सर्वांना खुली होती, तेथें जें दिसून आलें, तें आपल्या देशांत किती पटींनीं खरें असेल याची कल्पना करावी.

कल्पनेचीहि आवश्यकता नाहीं. प्राथमिक केंद्राच्या वर जें ग्रामीण रुग्णालय असतें, तेथें शस्त्रक्रिया, स्त्रीरोग, बालरोग आणि सर्वसाधारण रोग यांचे तज्ज्ञ असावे असा नियम आहे. २०२१-२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणें, संबंध देशांत अशा तज्ज्ञांची जेवढी गरज होती तिच्यापैकीं सुमारें ७९.५ टक्के उणीव होती. इमारत आहे, पाटी आहे, खाटा आहेत. पण अडलेल्या बाळंतिणीचें पोट उघडणारा हात नाहीं. हाच तो तिसरा विलंब.

या देशाला योग्य मार्ग कोणी दाखविलाच नाहीं, असें मात्र नाहीं. १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला. त्या वेळीं सुमारें ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर होता, आणि त्यांतील बहुतेक शहरांत. समितीनें तत्त्व घालून दिलें तें हें कीं, पैसे नाहींत एवढ्या कारणानें कोणीहि माणूस योग्य उपचारांवांचून राहतां कामा नये. आरंभीं ४०,००० वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, आणि त्यानें केवळ औषध न देतां रोग होऊंच नये यासाठीं पाणी, स्वच्छता, लस, बाळंतपण हींहि कामें करावीं, अशी तिची योजना होती. १९५२ पासून अशीं केंद्रें निघूं लागलीं. पुढें नियम ठरला तो असा: सपाट प्रदेशांत ३०,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी प्रदेशांत २०,००० वस्तीमागें एक केंद्र, आणि त्याखालीं अनुक्रमें ५,००० व ३,००० वस्तीमागें एक उपकेंद्र.

या व्यवस्थेनें कांहींच साधलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९३७ सालीं जन्मलेल्या हजार मुलांपैकीं १६२ वर्षाच्या आंत दगावत, असें त्या अहवालांत नमूद आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत खेड्यांतील हेंच प्रमाण हजारीं ३८.४ इतकें खालीं आलेलें दिसलें. परंतु त्याच पाहणींत शहरांतील प्रमाण २६.६ आहे. या दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे हजार पाळण्यांमागें सुमारें बारा पाळणे. आणि केवळ खेड्यांत जन्म झाला म्हणून ते रिकामे झाले.

नियमांतील एक उणीव येथें लक्षांत घ्यावयास हवी. दवाखाने माणसें मोजून वांटले गेले; वाट मोजून वांटले गेले नाहींत. गंगाथडीच्या गजबजलेल्या गांवांत ५,००० लोक एका हांकेच्या अंतरांत राहतात. उलट गडचिरोलीच्या अरण्यांत ३,००० लोक कित्येक वाड्यापाड्यांतून विखुरलेले असतात, आणि पावसाळ्यांत मध्यें नाले भरून वाहतात. कागदावर दोन्हीं ठिकाणीं उपकेंद्र आहेच.

शिवाय रोगहि सर्वांना सारखे होत नाहींत. कोंकणांतील लाल विंचवाची गोष्ट या दृष्टीनें बोधप्रद आहे. हा विंचू कोणाला चावतो? अनवाणी पायांनीं भात कापणाराला, लांकूडफांटा गोळा करणारीला, गवती छपराखालीं भुईवर निजणाऱ्या मुलाला. १९७६ सालीं डॉ. हिम्मतराव बावस्कर हे महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले, तेव्हां या दंशानें धडधाकट माणसें हृदय थकून आणि फुप्फुसांत पाणी होऊन मरत असत. पुस्तकांत त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. कारण पुस्तकें लिहिणारांच्या घरीं हा विंचू निघत नव्हता. बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं रात्री काढून लक्षणांची नोंद केली, आणि रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिन नांवाची गोळी येथें गुणकारी ठरते असें दाखवून दिलें. ‘लॅन्सेट’नें त्यांचे निष्कर्ष छापले. ज्या गंभीर रोग्यांपैकीं पूर्वीं शंभरांत सुमारें तीस दगावत, त्यांतील मृत्यूंचें प्रमाण शंभरांत चारांच्या खालीं आलें. गोळी स्वस्त आहे. महाग आहे ती वेळ. तीच गोळी दंशानंतर लौकर पोटांत गेली तर माणूस वांचतो. म्हणून ती जिल्ह्याच्या गांवीं असून उपयोगाची नाहीं, ती जवळच्या केंद्रांत असावी लागते.

मदत जवळ आणणें म्हणजे प्रत्येक गांवीं डॉक्टर बसविणें, असें मानलें तर तें अशक्य आहे. येथेंच महाराष्ट्रांतील दोन प्रयोगांनीं जगाला नवी वाट दाखविली. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड या अवर्षणग्रस्त भागांत आलें. लोकांना आधीं औषध नको होतें. पाणी आणि धान्य हवें होतें. दांपत्यानें तेथूनच आरंभ केला. विंधणविहिरींचे हातपंप त्यांनीं मुद्दाम दलित वस्त्यांत बसविले. म्हणजे सवर्णांना पाणी हवें असेल तर त्यांनीं तेथें यावें. गांवोगांव शिकलेल्या परिचारिका ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न नीटसा जमला नाहीं. मग त्यांनीं गांवांतीलच बायका निवडल्या. त्यांपैकीं पुष्कळजणी निरक्षर आणि दलित समाजांतील होत्या. त्यांना बाळंतपण, मुलांचें वजन, जुलाबावर साखर-मिठाचें पाणी, कुष्ठरोग व क्षयरोग यांची ओळख, असें एकेक शिक्षण दिलें. गांवानें जिच्या हातचें पाणी कालपर्यंत घेतलें नव्हतें, तिच्याच हातून आपलीं मुलें जगतात हें गांवानें पाहिलें. या कार्याबद्दल दांपत्याला १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्याआधीं १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें काढलेल्या एका ग्रंथांत जामखेडचा वृत्तान्त आला होता, आणि १९७८ सालीं अल्मा-आटा येथें ‘सर्वांना प्राथमिक आरोग्यसेवा’ हा जो जागतिक संकल्प झाला, त्याच्या पाठीशीं अशाच प्रयोगांचें बळ होतें.

दुसरा प्रयोग गडचिरोलीचा. तेथें डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं ‘सर्च’ ही संस्था चालविली. उपचारापूर्वीं त्यांनीं मोजणी केली. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, दोन गांवांतील ६५० स्त्रियांपैकीं ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्यापूर्वीं कधींहि तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. दुखणें एवढें सर्वत्र पसरलेलें असतां तें कोणाच्याहि यादींत नव्हतें, कारण तें बाईचें दुखणें होतें आणि तें सांगावयास जवळ कोणी बाई नव्हती. नंतर १९९५-९६ सालीं ७६३ नवजात बाळांची पाहणी झाली. त्यांतील सुमारें ५४ टक्के बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांच्या दृष्टीस पडलीं तीं अवघीं २.६ टक्के.

तेव्हां जें बाळ दवाखान्यांत जात नाहीं, त्याच्यापर्यंत दवाखान्यानेंच जावें, असें ठरलें. ३९ गांवांत थोडेंबहुत शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलें गेलें. बाळंतपणास हजर राहणें, श्वास न घेणाऱ्या बाळाला फुगा-मुखवट्यानें श्वास देणें, बाळाला उबदार पिशवींत ठेवणें, वजन करणें, श्वास मोजणें, आणि रक्तदोषाचीं ठराविक लक्षणें दिसतांच प्रतिजैविकाचें इंजेक्शन देणें, हीं कामें त्या घरोघर जाऊन करीत. शेजारच्या ४७ गांवांत ही व्यवस्था नव्हती. त्यांच्याशीं तुलना केली. तिसऱ्या वर्षीं प्रयोगाच्या गांवांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेनें सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलेले आढळले. रक्तदोष झालेल्या बाळांतून शंभरीं १६.६ मरत तेथें २.८ मरूं लागलीं. हा निबंध १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. औषध जुनेंच होतें. बदललें तें एवढेंच कीं, तें देणारा हात पंधरा कोसांवरून पंधरा पावलांवर आला.

यावर एक आक्षेप घेतला जातो. शहरांना निष्णात डॉक्टर आणि खेड्यांना चार यत्ता शिकलेली बाई, हा भेदभावच नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. गांवची बाई ही डॉक्टरांच्या ऐवजीं नव्हे. ती डॉक्टरांपर्यंतच्या सांखळींतील पहिली कडी आहे. तिनें ओळखलेल्या अडलेल्या बाळंतिणीला वर शस्त्रक्रियेची सोय नसेल, तर तिचें ज्ञान व्यर्थ आहे. पण ही पहिली कडीच नसेल तर वरच्या सोनेरी कड्या हवेंत लोंबकळतात. दोन्हींची गरज आहे, आणि एकीच्या नांवानें दुसरीला फांटा देणें हाच खरा भेदभाव होय.

सरकारनें ही वाट पुढें पत्करली. २००५ सालीं सुरूं झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत साधारण हजार वस्तीमागें एक ‘आशा’ नेमण्यांत आली, आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरीं ठराविक दिवशीं भेट देण्याचें काम तिच्याकडे आलें. रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर जाणारी, ऊन-पावसांत घरें मोजणारी ही बाई सरकारच्या दृष्टीनें मात्र ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाहीं, मानधन आहे. आणि तें बव्हंशीं कामागणिक मिळतें. खेड्यांतील आरोग्याचा सर्वांत मोठा भार समाजानें सर्वांत कमी मोबदल्यावर उचलून घेतला आहे.

दुसरा उपाय विम्याचा. महाराष्ट्रांत २०१२ सालीं आठ जिल्ह्यांतून आरंभिलेल्या जीवनदायी योजनेनें, आणि २०१८ सालच्या आयुष्मान भारत योजनेनें, मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च सरकारनें उचलण्याची सोय केली. दुसऱ्या योजनेंत ही मर्यादा कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपये ठरविली गेली. देशाच्या एकूण आरोग्यखर्चांत लोकांच्या स्वतःच्या खिशांतून जाणारा वांटा २०१३-१४ सालीं ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ सालीं ३९.४ टक्क्यांवर आला. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या गरिबाला या योजनांचें मोल विचारावें. तथापि विमा रुग्णालयाच्या खाटेपासून सुरूं होतो; आजार त्याच्या पुष्कळ अलीकडे सुरूं झालेला असतो. आरंभीं सांगितलेल्या मजुराची बुडालेली मजुरी, एस्टीचें भाडें, रोज घ्यावयाची मधुमेहाची गोळी, यांतील कांहींहि त्यांत येत नाहीं. शिवाय विम्याचें कार्ड हातीं आहे पण तालुक्यांत शस्त्रक्रिया करणारें रुग्णालयच नाहीं, अशा ठिकाणीं तें कार्ड पेटींत ठेवण्याच्याच उपयोगाचें.

शेवटीं शहरांतील सुशिक्षित घरांचा या प्रश्नाशीं काय संबंध, हें पाहिलें पाहिजे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एका डॉक्टराच्या शिक्षणाला जो खर्च येतो, त्याचा मोठा भाग सार्वजनिक तिजोरींतून होतो. आणि काडेपेटीपासून कपड्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर देणारा खेडूत त्या तिजोरींत भर घालीतच असतो. म्हणून शिक्षण संपल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करावी, असा करार महाराष्ट्रांत विद्यार्थ्यांकडून लिहून घेतला जातो. तें वर्ष टाळण्यासाठीं दंडाची रक्कम भरून सुटका करून घेणारे पदवीधर आजवर थोडे निघाले नाहींत. ती रक्कम बहुधा वडिलांनीं भरलेली असते. तेव्हां ‘खेड्यांतील माणसें उशिरा कां येतात’ असें विचारणाऱ्या घरानें, आपल्या मुलानें तेथें वेळेवर जाण्याचें नाकारलें नाहीं ना, हेंहि एकदां विचारावें. सक्तीचें एक वर्ष हा पूर्ण उपाय नव्हे. राहावयास नीट घर, हाताशीं औषधें आणि मदतीला परिचारिका असल्यावांचून एकटा तरुण तेथें काय करणार, हेंहि खरें. परंतु या गोष्टी मिळाव्या म्हणून ज्यांचा शब्द सरकारदरबारीं ऐकला जातो, तींहि हींच सुशिक्षित घरें आहेत. त्यांनीं आपल्या शहराला आणखी एक मोठें रुग्णालय मागण्यापूर्वीं आपल्याच जिल्ह्यांतील प्राथमिक केंद्रांत विंचवावरची गोळी आणि बाळाला श्वास देणारा फुगा आहे कीं नाहीं याची चौकशी केली, तर त्या चौकशीनेंहि कित्येक माणसें वांचतील.